अवघड जागेचे दुखणे

(साक्षरता वर्गातील भाषण)

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य. सासूबाईंचे दुखणे असे, की जावयाला दाखवता येत नाही. आणि दाखवल्याशिवाय ते बरे होत नाही. म्हण ऐकून आपण हसतो. ज्याला ते दुखणे आहे तो मात्र हसत नाही. तो गप्प बसतो. आज मी त्या गप्प बसणाऱ्यांसाठी बोलणार आहे.

विषय आधीच सांगून टाकतो. शौचाच्या जागी, म्हणजे गुदद्वारापाशी, हाताला बारीक गाठ लागते. पुटकुळी येते. कोंब येतो. तो कशाचा असतो? बायामाणसे एकत्र बसली आहेत म्हणून माना खाली घालू नका. तोंड, नाक, कान तशीच ती एक जागा आहे. ती देवानेच दिली आहे आणि सगळ्यांना दिली आहे.

मी तीस वर्षे खेड्यातल्या दवाखान्यात काम केले. एकदा एक बाई आल्या. म्हणाल्या, "पोट दुखतंय." मी पोट तपासले, औषध दिले. आठ दिवसांनी पुन्हा आल्या. पुन्हा "पोट दुखतंय." तिसऱ्या खेपेला त्या बोलल्याच नाहीत. त्यांनी पदराआडून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. अक्षर वाकडेतिकडे होते. नुकत्याच लिहायला शिकल्या होत्या. चिठ्ठीत लिहिले होते : 'बसायच्या जागी कोंब. रक्त पडतं. लई दुखतं.' मी नर्सबाईंना बोलावले, पडदा ओढला आणि तपासले. दुखणे अगदी साधे होते. सहा आठवड्यांत बाई बऱ्या झाल्या. पण त्याआधी त्यांनी पाच महिने काढले होते. रात्री रात्री रडून काढले होते. घरात नवऱ्यालाही सांगितले नव्हते.

आता ती जागा कशी आहे ते समजून घेऊ. शौचाच्या वाटेच्या शेवटी एक गोल स्नायू असतो. पिशवीचे तोंड नाडीने आवळावे तसा तो वाट बंद ठेवतो. आतल्या बाजूला रक्ताच्या शिरांच्या मऊ गाद्या असतात. त्या रोगाच्या नव्हेत. त्या आपल्या सगळ्यांना जन्मापासून आहेत. पाण्याच्या नळाला आत वायसर असतो ना, तसे त्यांचे काम. वाट घट्ट मिटावी म्हणून त्या आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आतल्या भागाला दुखणे कळत नाही. बाहेरच्या कातडीला मात्र फार कळते. त्यामुळे दुखते किंवा दुखत नाही, एवढ्यावरूनही पुष्कळ उमगते.

आपल्या भागात त्या जागी काहीही झाले की लोक एकच नाव घेतात. मूळव्याध. सगळ्या तापांना हिवताप म्हणावे तसे हे झाले. मूळव्याध असते, नाही असे नाही. पुष्कळांना असते. कुंथून कुंथून आतल्या गाद्या फुगतात, सैल होतात आणि खाली घसरतात. तोच मूळव्याधीचा मोड. पहिल्यांदा नुसते रक्त पडते. लालभडक, थेंब थेंब. दुखत नाही. पुढे शौचाच्या वेळी मोड बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. त्याच्या पुढे तो बोटाने आत सारावा लागतो. शेवटी तो बाहेरच राहतो. अशा चार पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर असलेल्या बहुतेकांचे काम खाणेपिणे सुधारून आणि साध्या औषधाने भागते. नाहीच भागले तर डॉक्टर मोडाच्या बुडाशी रबराचे बारीक कडे बसवतात. मोड सुकून गळून पडतो. त्याला भूल द्यावी लागत नाही. पुढच्या पायऱ्यांना काही वेळा शस्त्रक्रिया लागते.

गरोदर बायांना मोड येतात. पोटातल्या बाळाचा भार पडतो आणि शौचाला खडा होतो, म्हणून येतात. बाळंतपणानंतर ते बहुधा बसतात. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला खडा होतो. म्हणून गोळ्या बंद करू नका. पाणी आणि भाजी वाढवा. त्या गोळ्यांनी शौच काळे होते, त्याचीही भीती नको. पण गोळ्या चालू नसताना डांबरासारखे काळे, चिकट शौच झाले, तर वर कुठेतरी पोटात रक्त जाते आहे. तेव्हा लगेच दवाखाना गाठा.

कधी असे होते. काल काही नव्हते. आज पोते उचलले, नाहीतर फार कुंथले, आणि एकाएकी कडेला निळसर, टणक गाठ आली. वाटाण्याएवढी, कधी द्राक्षाएवढी. बसवत नाही. तिथल्या शिरेत रक्त गोठलेले असते. दोन-तीन दिवस ती फार छळते, मग उतरू लागते. काही आठवड्यांत जिरते. अगदीच सोसवत नसेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टर जागा बधिर करून ती काढतात. घरी सुईने टोचू नका. जिरल्यावर तिथे कातडीची सैल घडी राहते. तिचा त्रास नाही. धुताना जपून धुवावी, एवढेच.

आता त्या चिठ्ठीवाल्या बाईंकडे वळू. त्यांना मूळव्याध नव्हती. त्यांना चीर होती. थंडीत ओठ फुटतो, टाच फुटते, तसे ते दुखणे. शौचाला खडा झाला की उतरताना तो कातडी चिरतो. चीर बहुधा मागच्या बाजूला, मधोमध पडते. शौचाच्या वेळी काच चिरत गेल्यासारखे वाटते. नंतर तास-दोन तास आग होते. रक्त थोडेच असते, शौचाला एक रेघ लागल्यासारखे. मग माणूस दुखण्याच्या भीतीने शौच दाबून धरतो. दाबून धरले की खडा आणखी टणक होतो. टणक खडा पुन्हा चिरतो. असे हे रहाटगाडगे फिरत राहते. चीर जुनी झाली की तिच्या बाहेरच्या टोकाला कातडीचा एक छोटा कोंब येतो. तोच हाताला लागतो. डॉक्टर लोक त्याला पहारेकरी म्हणतात, कारण तो चिरेच्या तोंडाशी राखणीला बसल्यासारखा दिसतो. लोक त्यालाच मूळव्याधीचा मोड समजतात. त्याला चुना लावतात, बिब्बा लावतात. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते. आधीच चीर, त्यावर भाजल्याची जखम. चोर आत आणि मार पहारेकऱ्याला, असा तो प्रकार.

बाईंना मी पहिला प्रश्न विचारला, "शौच दाबून धरता का?" त्या म्हणाल्या, "धरावंच लागतं." त्या ऊसतोडीला जात. फडावर आडोसा नसे. अंधार पडेपर्यंत थांबायचे. मधे लागू नये म्हणून पाणीही कमी प्यायचे. मंडळी, यात त्या बाईंचा दोष किती आणि आपला सगळ्यांचा किती, ते तुम्हीच बघा. घरी संडास बांधलेला असला तरी पाणी दोन फर्लांगांवरून आणावे लागत असेल, तर ती बाई तो किती वापरणार?

उपाय साधा होता. एका रुंद घमेल्यात सोसवेल इतके कोमट पाणी घ्यायचे. शौचानंतर आणि रात्री निजताना दहा-पंधरा मिनिटे त्यात बसायचे. आवळलेला स्नायू सैल होतो, ठणका कमी होतो, रक्त खेळते, चीर भरून येते. पाण्यात मीठ, फिनेल, पोटॅश काही घालायची गरज नाही. डॉक्टरांनी दिलेले मलम लावायचे. ते मलमही डॉक्टरांनी दिलेलेच असावे. खरजेचे मलम तिथे लावणारे मी पाहिले आहेत. शिवाय रोज रात्री इसबगोल, वर दोन भांडी पाणी. इसबगोल कोरडा गिळू नये. तो पाण्यानेच फुगतो, पाणी नसेल तर आतच अडकतो. बहुतेक ताज्या चिरा एवढ्याने दीड-दोन महिन्यांत भरतात. जुनी चीर हट्टी असते. तिला कधी शस्त्रक्रिया लागते, पण ती मोठी नसते.

आता गळवाकडे येतो. इथे मात्र घाई करायची. त्या जागी आत बारीक ग्रंथी असतात. त्यातल्या एखादीचे तोंड बुजले की आत पू होतो. गाठ लाल, गरम, फुगलेली असते. दुखणे रात्रंदिवस ठणकते, शौचाच्या वेळेपुरते नसते. बसता येत नाही. थंडी वाजून ताप येतो. अशा गाठीला शेक देत घरी बसू नका. नुसत्या गोळ्याही पुरत नाहीत. पू बाहेर काढावाच लागतो. मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नका. मधुमेह्याचे गळू आत पसरते आणि जिवावर बेतते. गळू झालेल्या प्रत्येकाने साखर तपासून घ्यावी. पुष्कळांना आपला मधुमेह अशा गळवानेच कळतो.

गळू फुटले, पू गेला, बरे वाटले. पण काहींना महिना-दोन महिन्यांनी तिथेच पुन्हा पुळी येते. फुटते. कपड्याला डाग लागतो. सुकते. पुन्हा येते. हे भगंदर. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. बांधाला उंदराचे बीळ असते. बाहेरचे तोंड मातीने लिंपले तरी पाणी झिरपतच राहते. का? तर दुसरे तोंड आत, पाण्यातच उघडते. भगंदराचे तसेच आहे. एक तोंड बाहेर कातडीवर, एक आत शौचाच्या वाटेत. मधे बोगदा. बाहेरून कितीही मलम लावा, बोगदा राहतोच.

हा रोग आपल्या लोकांना फार जुना ठाऊक आहे. सुश्रुताच्या ग्रंथात भगंदराचे पाच प्रकार सांगितले आहेत. एकाचे नाव उष्ट्रग्रीव, म्हणजे उंटाची मान. क्षारसूत्राचा उपायही त्याच परंपरेतला. दोऱ्याला निवडुंगाच्या जातीच्या स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटे देतात. तो दोरा बोगद्यातून ओवून बांधतात आणि दर आठवड्याला बदलतात. दोरा हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते. दिल्लीच्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने याची शस्त्रक्रियेशी तुलना करून पाहिली. निष्कर्ष १९९१ साली छापून आला. क्षारसूत्राने जखम भरायला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण रोग उलटला तो क्षारसूत्रवाल्यांत शंभरात चौघांना आणि शस्त्रक्रियावाल्यांत शंभरात अकरा जणांना. म्हणजे दोन्ही वाटा खऱ्या आहेत. मात्र दोरा ओवणारा शिकलेला वैद्य पाहिजे. त्या गोल स्नायूला इजा झाली तर शौच धरून ठेवता येत नाही. ते दुःख जन्माचे. काही वेळा भगंदर क्षयामुळेही होते. म्हणून डॉक्टर तिथला पू किंवा तुकडा तपासायला पाठवतात. त्याला नाही म्हणू नका.

चामखिळीसारखे खरखरीत, बारीक बारीक पुष्कळ कोंब आले, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे दिसू लागले, दुखत नाहीत, खाजतात, तर त्या विषाणूच्या चामखिळी असतात. ह्या बहुधा शरीरसंबंधातून लागतात. असे कोंब दिसले तर नवरा-बायको दोघांनी तपासून घ्यावे. एकमेकांवर आळ घेत बसू नये, कारण विषाणू शिरल्यावर कोंब यायला महिने, कधी वर्षेही लागतात. औषध लावून किंवा जाळून ते काढतात. चपटे, ओलसर, पांढुरके उंचवटे आले तर ती गरमी, म्हणजे उपदंश असू शकतो. तो रक्त तपासून कळतो आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने बरा होतो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी गुप्त ठेवतात.

पोरांना रात्री त्या जागी खाज सुटते, ती बहुधा बारीक पांढऱ्या जंतांची. खाजवून पुळ्या येतात. नखे कापा, हात धुवा, जंतांचे औषध घरातल्या सगळ्यांनी मिळून घ्या. केस काढताना वस्तरा लागून केसतूड होते, ते वेगळे. ते आपोआप बसते.

आता एक गोष्ट सांगतो. ही मला सांगायला जड जाते.

एक ट्रॅक्टर चालवणारे गृहस्थ होते. वय बावन्न. शौचातून रक्त जाई. ते माझ्याकडे आले. त्या दिवशी बाजार होता, दवाखान्यात गर्दी होती. ते म्हणाले, "मूळव्याध हाय." मीही म्हटले, मूळव्याध. मलम लिहून दिले. त्यांना झोपवून तपासले नाही. रक्त थांबेना, तेव्हा ते बाजारातल्या एका तंबूवाल्याकडे गेले. त्याने पुड्या दिल्या. वर्षभर पुड्या चालल्या. त्यांचा करदोटा सैल होत गेला. शौचाला गेले तरी साफ झाल्यासारखे वाटेना. चौदा महिन्यांनी ते पुन्हा माझ्याकडे आले. तेव्हा मी हातमोजा घालून बोटाने तपासले. आत दगडासारखी टणक, खडबडीत गाठ लागली. एक मिनिटाची तपासणी. ती मी चौदा महिने आधी केली असती तर? परळच्या टाटा रुग्णालयात, जे १९४१ साली कर्करोगासाठी निघाले, तिथे त्यांना पाठवले. किरणांचा उपचार झाला, मोठी शस्त्रक्रिया झाली. ते वाचले. पण आता त्यांच्या पोटावर पिशवी आहे, शौच तिच्यात होते. अजून भेटतात. मला एका शब्दाने बोलत नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो. शौचातून रक्त गेले आणि डॉक्टरांनी न बघताच औषध लिहिले, तर उठू नका. म्हणा, "डॉक्टर, एकदा बघा." चाळिशीच्या पुढच्या माणसाने तर हे म्हणायलाच हवे. गाठ टणक आहे आणि वाढते आहे, तिथली जखम महिनाभर भरत नाही, शौचाची सवय बदलली आहे, वजन उतरते आहे, धाप लागते, डोळे-नखे पांढुरकी दिसतात, यातले काहीही असेल तर तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. पैशाच्या भीतीने थांबू नका.

आणि तंबूवाल्यांपासून सांभाळा. 'मूळव्याध-भगंदर, बिनऑपरेशन, एका दिवसात खात्रीने' असे फलक लावतात. कुणी जाळणारे औषध लावतो, कुणी कसलेसे इंजेक्शन टोचतो. तिथली कातडी जळून आकसते आणि वाट इतकी अरुंद होते की करंगळी जात नाही. असे लोक मग आमच्याकडे येतात. तंबू तोवर पुढच्या बाजाराला गेलेला असतो.

तपासणीची भीती वाटते, म्हणून ती कशी होते ते सांगतो. डाव्या कुशीवर झोपवतात. गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात. अंगावर चादर असते. आधी नुसते बघतात. मग मोज्यावर तेलकट मलम लावून बोटाने तपासतात. गरज पडली तर छोटी नळी घालून आत बघतात. फार दुखत असेल तर बोट घालत नाहीत, आधी औषध देतात. बायांनी निर्धास्तपणे सांगावे, "नर्सबाईंना जवळ उभं करा." तो तुमचा हक्क आहे.

घरी काय करायचे, ते तुमच्या आज्यांना माहीत होते. ज्वारी-बाजरीची भाकरी, पीठ न चाळता. चाळलेला कोंडा म्हशीला आणि बद्धकोष्ठ आपल्याला, असे चालले आहे. मेथी, शेपू, चवळी, मोडाची मटकी, हुलगे, पेरू. रानात जाताना पाण्याची कळशी मोठी न्या. शौचाची भावना झाली की उठा. झाले नाही तर कुंथत बसू नका, परत या. आजकाल पोरे मोबाईल घेऊन संडासात अर्धा अर्धा तास बसतात. बसल्या बसल्या गाद्यांत रक्त भरते. मोबाईल बाहेर ठेवा. धुताना साबणाने खसाखसा घासू नका. पाण्याने धुवा आणि टिपून कोरडे करा.

एवढे बोलून मी थांबतो. आता तुमचे प्रश्न. उठून विचारायची लाज वाटेल, मला ठाऊक आहे. म्हणून दाराशी एक डबा ठेवला आहे. बाजूला कागदाचे तुकडे आणि पेन्सिली आहेत. ज्याला विचारायचे त्याने चिठ्ठी लिहून डब्यात टाकावी. नाव घालू नका. अक्षर वाकडे असले तरी मला वाचता येते. उत्तरे मी पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर देईन. आणि ज्याला दाखवायचे आहे त्याने चिठ्ठीवर काही लिहू नये. तीच कोरी चिठ्ठी सकाळी नर्सबाईंच्या हातात द्यावी. त्यांना मी सांगून ठेवले आहे.